थोमासाठी जागा असलेला नाताळ

प्रिय बंधुभगिनींनो,

21 डिसेंबरच्या आसपास उत्तर गोलार्धात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते. पाश्चात्त्य ख्रिस्ती मंडळ्यांच्या जुन्या दिनदर्शिकेत हाच येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित थोमा, याचा दिवस होता. 1969 साली रोमन कॅथलिक चर्चने तो 3 जुलैला नेला. काही अँग्लिकन मंडळ्या मात्र तो अजूनही डिसेंबरातच पाळतात. नाताळच्या ऐन तोंडावर, लांबलेल्या रात्री, थोमाची आठवण काढायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण त्याला ‘संशयी’ म्हणून मोकळे होतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात याआधी तो कसा दिसतो पाहा. येशूचा मित्र लाजर मेल्याची बातमी आल्यावर येशू पुन्हा यहूदीयात जायला निघतो. तिथे जिवाला धोका आहे हे सगळे शिष्य जाणतात, आणि थोमा म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. इतका जीव होता त्याचा येशूवर. ज्याच्यासाठी मरायची तयारी होती तोच वधस्तंभावर गेला, तेव्हा हा माणूस आतून मोडला.

मग येशू मरणातून उठला तो रविवार येतो. बाकीचे शिष्य आनंदाने सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. आणि थोमाला त्या आनंदात शिरताच येत नाही. खिळ्यांचे व्रण स्वतः पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणतो. पुढचे आठ दिवस तो त्या घरात कसा राहिला असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. सगळ्यांच्या तोंडी एकच आनंदाची वार्ता, आणि याच्या मनात मात्र खिळ्यांचे व्रण. आज या सभागृहात बसलेल्या काहींना हे समजावून सांगायची गरज नाही. तुम्ही याच आठ दिवसांत आहात.

वर्षभर दुःख कसंबसं सांभाळता येतं. कामाचा रगाडा असतो, दिवस ढकलला जातो. सण आला की ते एकदम समोर उभं राहतं, कारण सणाचं प्रत्येक काम कोणी ना कोणी वाटून घेतलेलं असतं. कोणी गायचं, कोणी झाड सजवायचं, शास्त्रपाठ कोणी वाचायचा, हे न बोलता ठरलेलं असतं. ते माणूस गेलं की प्रत्येक कामाशी त्याची उणीव नव्याने जाणवते. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरात एक वृद्ध गृहस्थ शुभेच्छापत्रं लिहायला बसले होते. मजकूर लिहून झाला. खाली सही करायची वेळ आली आणि हात थांबला. लग्न झाल्यापासून तिथे ‘आम्हा दोघांकडून’ असं असायचं. ते मला म्हणाले, “अंत्यविधीत नाही रडलो, पाळकसाहेब, तेवढा त्या एका ओळीपाशी रडलो.” आणि मृत्यूच हवा असंही नाही. मोडलेला संसार, बोलणं टाकलेला मुलगा, पोटातच गेलेलं बाळ, ज्याचं नावही ठेवलं नव्हतं. या दुःखांना तर कोणी भेटायलाही येत नाही.

अशा वेळी पुष्कळांना वाटतं, नाताळच्या कथेत आपल्याला जागा नाही. मी तुम्हाला कळकळीने सांगतो, ती कथा पुन्हा शेवटपर्यंत वाचा. आपण बाळाला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी मागी लोकांपाशी, त्यांच्या सोनं, ऊद आणि गंधरसापाशी पुस्तक मिटतो. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तिथे थांबत नाही. त्याच अध्यायात हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलं मारून टाकतो, आणि मत्तय यिर्मया संदेष्ट्याचं वचन आठवतो: इस्राएलाची पूर्वज माता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घेत नाही, कारण ती आता नाहीत. जगात तारणारा जन्मला या वार्तेच्या पोटातच हा आकांत आहे. मत्तय त्या आयांना गप्प करत नाही, ‘देवाची इच्छा’ म्हणून समजूतही घालत नाही. पाश्चात्त्य मंडळ्या आजही 28 डिसेंबरला या बालकांचं स्मरण करतात, म्हणजे नाताळनंतर अवघ्या तिसऱ्या दिवशी. सण आणि शोक शेजारी ठेवायला आपले पूर्वज घाबरले नाहीत. आपण का घाबरतो?

लूकच्या शुभवर्तमानाकडे वळा. बाळाला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांत हन्ना होती. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर संसार, मग वैधव्य, आणि आता वय चौऱ्याऐंशीच्या घरात. किती सण तिने एकटीने काढले असतील! आणि शिमोन तर बाळाच्या आईलाच तोंडावर सांगतो की तुझ्या जिवातून तरवार आरपार जाईल. आशीर्वादाच्या प्रसंगी हे बोलणं कोणाला शोभेल? पण शास्त्र खोटा दिलासा देत नाही, म्हणूनच त्याने दिलेल्या दिलाशावर मी भार टाकू शकतो.

प्रार्थनेचंही तसंच. दुःखात आपली प्रार्थना सुचेनाशी होते, कारण आपल्याला वाटतं की प्रार्थना म्हणजे उपकारस्तुतीच. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. तिच्यात विलापाची स्तोत्रं ढिगाने आहेत. तेरावं स्तोत्र “कुठवर?” या प्रश्नाने सुरू होतं आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर काळोखातच संपतं, शेवटी आशेचं एक कडवंही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवाला उद्देशून आहे. रागावून का होईना, त्याच्याशी बोलणारा माणूस विश्वासातून बाहेर पडलेला नसतो. नाताळाआधीच्या या आगमनकाळात ज्यांना स्तुतिगीत गाता येत नाही, त्यांनी हे अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने वाचावं. मी स्वतः ते वाचून पुढे चालत आलो आहे.

1943 च्या नाताळात नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली होती, आणि 9 एप्रिल 1945 ला नाझींनी त्यांना फासावर चढवलं. त्या डिसेंबरात त्यांनी आईवडिलांना लिहिलं की गोठ्यात जन्मलेल्या, माणसांत जागा न मिळालेल्या ख्रिस्ताची गोष्ट कैद्याला इतरांपेक्षा लवकर समजते. आणि नाताळच्या आदल्या दिवशी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी याहून धाडसाची गोष्ट मांडली. आपल्या माणसाच्या नसण्याची पोकळी कशानेही भरत नाही, भरायचा प्रयत्नही करू नये. देव ती भरून काढतो असं म्हणणं चूक आहे. तो ती रिकामी राखतो, आणि त्यामुळे आपलं त्या माणसाशी असलेलं नातं वेदनेसकट टिकून राहतं. हे वाचल्यापासून मी कोणाही शोक करणाऱ्याला “देव तुमची पोकळी भरून काढेल” असं म्हणणं सोडलं.

मग बरं होणं म्हणजे काय? थोमाकडे परत जाऊ. आठ दिवसांनी दारं बंद असताना येशू येतो आणि सरळ थोमाशी बोलतो: तुझं बोट इकडे कर, माझे हात पाहा. पुनरुत्थान झालेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूने ते पुसून टाकले नाहीत. त्या खुणा आता जीव घेत नाहीत, ओळख पटवतात. ख्रिस्ती माणसाचं बरं होणं मला तरी असंच समजतं. गेलेल्याचं नाव घेताना आवाज कापेल, पण ते नाव घेता येईल. आणि आपली आशा ‘काळ सगळं बरं करतो’ या बोलण्यावर उभी नाही. कबर रिकामी होती, मेलेल्यांतून उठणाऱ्यांत ख्रिस्त पहिलं फळ आहे, त्याच्यात झोपी गेलेले, म्हणजे मेलेले, उठतील, यावर ती उभी आहे. ही गोष्ट खरी असेल तर राहेलच्या रडण्यालाही उत्तर मिळेल. ती खरी आहे असं मी मानतो, आणि म्हणूनच आज तुमच्यापुढे उभा आहे.

एक गोष्ट शरीराची. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं. देवाची वाणी त्याला पुष्कळ नंतर, होरेब डोंगरावर ऐकू आली. तुम्हाला आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरकडे जा आणि घरातल्या कोणाला तरी आजच सांगा. औषध घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. घास गिळवत नसेल तर पाहुण्यांची बोलावणी नाकारा. उपासनेला उशिरा या, शेवटच्या बाकावर बसा, गाणं चालू असताना उठून गेलात तरी कोणी विचारणार नाही.

आता ज्यांचं घर यंदा भरलेलं आहे त्यांच्यासाठी. बायबलमध्ये मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसले, तोवर ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि कारणं सांगायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. कारणं सांगू नका. “काही लागलं तर कळवा” म्हणून निघून येऊ नका, कारण शोकात माणूस कळवत नाही. जाऊन बसा. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. घरच्यांना वाटत असतं की आपल्या माणसाला सगळे विसरले. शिष्यांनी थोमाला त्या आठ दिवसांत हाकलून दिलं नाही, त्याच्या गळी आनंदही उतरवला नाही. त्यांनी त्याला आपल्यात राहू दिलं, म्हणून प्रभू आला तेव्हा तो तिथे होता.

आपल्या मंडळीची शोक करणाऱ्यांसाठीची उपासना 21 तारखेला संध्याकाळी आहे. अशी उपासना आता बऱ्याच मंडळ्या घेतात. गाणी थोडी असतील, प्रवचन नसेल. ज्यांची नावं घ्यायची ती चिठ्ठीवर लिहून आणा, बाळाला नाव नसेल तर नुसतं ‘आमचं बाळ’ लिहा. प्रत्येक नाव वाचलं जाईल. एकटं यायचं धाडस होत नसेल तर आत्ता, बाहेर पडण्याआधी, मला येऊन सांगा. तुमच्याबरोबर कोण येईल ते आपण इथेच ठरवू.