प्रगतिपुस्तक वाचून घरी काय कळतं?

इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण शिक्षक आहेत आणि बरेच जण पालकही आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. सत्राच्या शेवटी आपण जो कागद घरी पाठवतो, तो वाचून झाल्यावर आईला किंवा वडिलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, की आपल्या मुलाला आज काय येतं, कुठे अडतंय आणि पुढच्या पंधरा दिवसांत घरी काय करता येईल. तेवढं सांगता आलं नाही, तर कागद कितीही नीटनेटका भरलेला असो, मुलाची प्रगती घरी पोचलेली नाही, असंच मी मानते.

आकड्यांपासून सुरुवात करू, कारण घरी सगळ्यात आधी नजर तिथेच जाते. एका मुलाला वर्षभरातल्या चार चाचण्यांत ३०, ४५, ७०, ८५ असे गुण पडले. दुसऱ्याला नेमके उलट क्रमाने, ८५, ७०, ४५, ३०. दोघांची सरासरी ५७.५. पहिल्याची पाठ थोपटायला हवी आणि दुसऱ्याच्या घरच्यांना तर तिसऱ्या चाचणीनंतरच बोलावून घ्यायला हवं होतं. पण फक्त सरासरी लिहिली, तर दोन्ही घरी गेलेला कागद अगदी सारखा! आता तिसरं मूल घ्या. चार प्रकल्पांत प्रत्येकी ८० आणि पाचवा दिलाच नाही म्हणून शून्य. सरासरी झाली ६४. घरचे म्हणणार, विषय कच्चा राहिलाय, शिकवणी लावू या. विषय कच्चा नाहीच मुळी. एक काम राहिलंय आणि ते का राहिलं, हे विचारायला हवं. वेळेवर काम देणं, वर्गातलं वागणं यांची नोंद जरूर करा, पण वेगळ्या रकान्यात. विषयाच्या गुणांत ती मिसळली की त्या गुणांवरून ना विषय कळतो, ना वागणं.

शतमकाचंही (पर्सेंटाइलचंही) तसंच. ९० शतमक म्हणजे पेपरातलं ९० टक्के आलं, असं नव्हे. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ९० टक्के मुलं या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आकड्याशेजारी एका ओळीत हे लिहिता येतं.

आणि आकड्याला आपण जितका पक्का समजतो तितका तो नसतो. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ साली अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे तपासायला पाठवली होती. १४२ शिक्षकांनी ती तपासली, आणि त्याच एका पेपरला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. म्हणून ७१ आणि ७३ मधल्या फरकावरून घरात बोलणी खाणाऱ्या मुलाबद्दल मला फार वाईट वाटतं. तो फरक त्या मुलाचा असेलच, असं आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आता शेऱ्यांकडे वळू. ‘समाधानकारक’, ‘लक्ष द्यावे’, ‘अधिक प्रयत्न आवश्यक’. कुणी लक्ष द्यायचं? कशाकडे? प्रयत्न म्हणजे रोज किती वेळ, कोणतं काम? घरातली माणसं हा शेरा वाचतात, मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘हातच्याची साधी वजाबाकी नीट जमते. संख्येत मधे शून्य आलं की गोंधळ होतो, उदाहरणार्थ ५०३ वजा २६७. रोज अशी दोन गणितं तिला मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. उत्तर तपासलं नाही तरी चालेल, वहीत राहू द्या, मी बघेन.’ यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या आईचं शिक्षण कमी झालंय, तिलाही ते या कामात जागा देतं.

अशा घरांना स्पष्ट माहितीची गरज जास्त असते. रिबेका डिझॉन-रॉस यांनी मलावीत केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. मूल अभ्यासात नेमकं कुठे आहे, याचा पालकांचा अंदाज बराच चुकत होता आणि कमी शिकलेल्या पालकांचा अधिक चुकत होता. खरे गुण समजेल अशा रीतीने सांगितल्यावर त्यांनी निर्णय बदलले आणि मुलासाठी त्याच्या पातळीला जुळणारी सराव-पुस्तकं निवडली. म्हणजे आस्था आधीपासून होतीच, माहिती नव्हती. ‘या पालकांना काही पडलेलीच नाही’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत ऐकू आलं की मला हा अभ्यास आठवतो.

पालक आणि शिक्षकांची भाषा वेगळी असेल, तर दुभाषी म्हणून मुलाला मधे उभं करू नका. स्वतःबद्दलची अप्रिय गोष्ट आईला सांगायचं काम त्या वयात कुणावर येऊ नये. दुसरं कुणी मोठं माणूस शोधा. कुणीच नसेल तर दोन वह्या शेजारी उघडून ठेवा, सत्राच्या सुरुवातीची आणि आजची. मूल भेटीला जरूर असावं, पण स्वतःचं काम दाखवायला. आणि हे बोलणं इतर पालकांच्या देखत नको.

अप्रिय गोष्ट कशी सांगायची, हे मला नेहमी विचारतात. लवकर सांगा आणि नेमकी सांगा. गोड बोलून ती दडवली, तर पालक निश्चिंत होऊन घरी जातात आणि वर्षाच्या शेवटी त्यांना धक्का बसतो. मग पुढच्या वर्षी ते आपल्या चांगल्या शब्दांवरही विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसते. सांगून झाल्यावर, ‘घरी गेल्यावर हे बाकीच्यांना कसं सांगाल?’ असं विचारा. परीक्षा घेतल्यासारखं नव्हे, आपलं बोलणं नीट पोचलं का, हे कळावं म्हणून. बहुतेक वेळा आपण आठ गोष्टी सांगितलेल्या असतात आणि त्यांच्या हाती एक लागलेली असते. मग ती एकच नीट सांगितलेली बरी.

एवढ्या सगळ्यासाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी अमेरिकेत एका उन्हाळी वर्गात केलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. नापास झालेली माध्यमिक शाळेतली मुलं तिथे पुन्हा तोच विषय पूर्ण करत होती. काही घरांना शिक्षकांकडून आठवड्याला एकच वाक्य जायचं, त्या मुलापुरतं लिहिलेलं. ज्या घरांना काहीच गेलं नाही, त्यांच्यापैकी १५.८ टक्के मुलांचा विषय सुटला नाही. ज्यांना वाक्य गेलं, त्यांच्यात हे प्रमाण ९.३ टक्के राहिलं. नुसत्या कौतुकापेक्षा ‘यात ही सुधारणा हवी’ असं सांगणाऱ्या वाक्यांचा परिणाम अधिक दिसला.

वर्गात ४० मुलं असतील तर आठवड्याला आठ वाक्यं लिहा. पाच आठवड्यांत प्रत्येक घरी एक पोचतं. आधी कुणाला लिहायचं? हुशार मुलांच्या घरी बातमी आपोआप जाते आणि दंगेखोरांच्या घरी तर त्याआधी जाते. मधली, गप्प बसणारी, ना वर ना खाली अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. पहिली आठ त्यांच्यातून निवडा.