काटा रेंगाळतो, काटा पळतो

[दृश्य : पुणे, स्वारगेट. मे महिन्यातली संध्याकाळ. बसेसच्या मधे अडकलेली जुनी बुलेट.]

आधी आवाज येतो, गाडी मागाहून दिसते. ओतीव लोखंडी ब्लॉकची बुलेट. ३४६ सीसी, पिस्टन ७० मिलिमीटरचा, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ९०चा. डोक्यावर स्पीडोमीटर आणि शेजारी इवलासा अँपिअर मीटर. बॅटरी चार्ज होतेय की नाही ते हा सांगेल. इंजिन किती तापलंय, ते विचारायचं कुणाला?

[दृश्य : मालक वाकून इंजिनाकडे बघतो. ऑइलच्या झाकणाच्या जागी गोल डायल.]

मालकांनी ऑइल भरायच्या तोंडावर तापमापक बसवलाय. साधा, बायमेटलचा, म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि काटा फिरवते; वायरबियर काही नाही. बघायला मात्र कमरेत वाकावं लागतं. मागची रिक्षा तेवढ्यात हॉर्न देतेच.

गाडी पळते तेव्हा वारा फिन्समधून, म्हणजे इंजिनावरच्या पात्यांमधून, उष्णता काढून नेतो. सिग्नलला वारा बंद. म्हणून पाच मिनिटं उभी राहिली की बुलेट जळते, असं छातीठोकपणे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. खरं तर नुसत्या आयडलिंगवर, म्हणजे जागीच चालू राहून, इंजिन पेट्रोल अगदी थोडं जाळतं. काटा चढतो, पण रेंगाळत.

[दृश्य : सातारा रस्ता. गाडी वीतभर पुढे, पुन्हा थांबते.]

इथे काटा पळायला लागतो. स्वारगेटहून कात्रजकडे रस्ता चढत जातो, गाडीत बसलेल्याला कळतही नाही. पण डबलसीट, पहिला गिअर, अर्धा क्लच; म्हणजे कष्ट चढाचे आणि वारा पार्किंगचा.

[दृश्य : गॅरेज. फिटरच्या हातात पिस्टन.]

पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो ज्यात वरखाली होतो तो ब्लॉक लोखंडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० अंश वाढले, तर ७० मिलिमीटरचा पिस्टन साधारण ०.१५ मिलिमीटरने वाढतो, ब्लॉकचं भोक ०.०८ने. त्यात पिस्टन ब्लॉकपेक्षा आधी तापतो. दोघांमधली फट तेवढी आवळते, ऑइल पातळ होतं, आणि एके दिवशी गाडी चालता चालता जाम.

ऑइलचा काटा ही बातमी उशिरा देतो. लवकर हवी असेल, तर स्पार्क प्लगखाली वॉशरसारखी कडी बसवतात, तिला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, लावलेली असते. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, तापलं की आकडा लगेच हलतो. मात्र ऑइलचा आकडा आणि प्लगचा आकडा एकमेकांशी ताडू नका. प्लगपाशी तो कितीतरी वर असणारच.

[दृश्य : लेझरचा लाल ठिपका हेडवर.]

आणि ही हल्लीची बंदूक, न शिवता तापमान मोजणारी इन्फ्रारेड. चकचकीत पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर रोखली, तर खराखुरा तापलेला हेडही कोमट दाखवते. ठिपका काळ्या रंगाच्या ब्लॉकवर धरा, आणि दर वेळी त्याच जागी.

मग किती आकडा चांगला? फिटर या प्रश्नाला हसतो. ऑइल शंभरच्या आसपास घुटमळलं तर तो चहा सोडत नाही, १३०च्या पुढे गेलं तर गाडी बाजूला घ्यायला सांगतो. पण रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळी नव्वद दाखवणारी गाडी आज एकशेदहा दाखवत असेल, तर तो आधी ठिणगीची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट पॉइंट उघडतो. टायमिंग मागे पडलंय, ठिणगी उशिरा पडतेय का? कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबून मिश्रण पातळ झालंय, पेट्रोल कमी पडतंय का? मग थंड इंजिनावर व्हॉल्व्ह उघडणारा पुशरॉड बोटांनी फिरवून बघतो. सहज फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. शेवटी फिन्समधला वाळलेला चिखल. तो मालकांना फुकटात काढता आला असता, हे तो दोनदा ऐकवतो.

[दृश्य : कात्रज. गाडी स्टँडवर, झाडाखाली.]

मालकांनी इंजिन बंद केलंय. कुणीतरी बाटली पुढे करतं, ते हात आडवा धरतात : तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं, तर तडा जाऊ शकतो. पाणी ते स्वतःच पितात.

निवणारं लोखंड टिक, टिक वाजतंय. मालक पुन्हा वाकतात. काटा अजून शंभरावर आहे. ते आणखी एक चहा सांगतात.