पंधरा मिनिटांत भीमपलास

(दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर नावाचा भाग. सकाळ. बंद दाराबाहेर बाकावर तीन मुली. आतून तानपुरा.)

आत बी.ए. संगीताचं प्रॅक्टिकल चालू आहे. बाहेरची एक जण हातावर तिलवाडा ताल धरून बसलीय. सोळा मात्रा, नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे तिथे टाळी नाही. घरून निघताना तिला एवढंच सांगितलंय, 'घसा सांभाळ गं.'

परीक्षक बाहेरगावचे. पहिला प्रश्न ठरलेला: आवडीचा राग कोणता? भीमपलास. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू होतो, आलापाला कुठे रंग चढतोय तोच, 'आता छोटा ख्याल घ्या,' म्हणजे जलद लयीतला. मग राग त्यांच्या मर्जीचा. मग ताल हातावर: ठाय म्हणजे मूळ लय, मग दुगुन, चौगुन, म्हणजे दुप्पट आणि चौपट. आणि शेवटी, भीमपलास आणि बागेश्री हे दोन्ही राग काफी थाटाचे, म्हणजे एकाच स्वरसमूहातले, तर वेगळे कुठे? आरोहात, म्हणजे स्वर चढताना, भीमपलास रिषभ-धैवत (रे, ध) टाळतो, बागेश्री धैवतावर रमते आणि पंचमाला (प) जपून हात लावते. एवढं पाठ असून भागत नाही, गाऊन दाखवावं लागतं. मला विचाराल तर, खरी परीक्षा या दोन मिनिटांतच होते.

(दृश्य: वही. स्वरलिपी लिहिणारा हात.)

थिअरीचा पेपर वेगळा. रागवर्णन, स्वरलिपी, ताललिपी, गायकांची चरित्रं.

आता हिशेब. क्रेडिट म्हणजे तासांचं माप. साधारणपणे वर्गातले 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाला त्यासाठी 30 तास लागतात. चार क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सत्रभरात 120 तास. पहाटे दोन तास रियाज करणारी मुलगी पंधरा आठवड्यांत 210 तास गाते, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

गुणांनाही क्रेडिटचं वजन असतं. समजा प्रॅक्टिकल सहा क्रेडिटचं, त्यात दहापैकी 9. थिअरी दोन क्रेडिटची, तिथे 5. चोपन्न आणि दहा, चौसष्ट. भागिले आठ. सरासरी 8. गळ्यानं कमावलेला एक अंक लेखणीनं घालवला!

(दृश्य: जुन्या वाड्याची खिडकी.)

गाण्याला असं मोजमाप लावलं म्हणून जुनी मंडळी नाक मुरडतात. पण ही सवय या गावाला शंभर वर्षांची आहे. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या पुढाकारानं 1918 मध्ये इथे माधव संगीत महाविद्यालय उघडलं: वर्ग, वेळापत्रक, लिहिलेल्या बंदिशी. तिथे शिकवलं कुणी? घराण्यात तयार झालेल्या गवयांनी. राजाभैया पूछवाले तर पुढे तिथले प्राचार्य झाले. त्याआधी, 1914 मध्ये, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांनी स्वतःची संगीत शाळा काढली होती. संगीताचं वेगळं विद्यापीठ आलं ते 2008 मध्ये, ग्वाल्हेरचे जुने राजे मानसिंह तोमर यांच्या नावानं.

एक घोटाळा मात्र आपल्या घरांत हमखास होतो. 'विशारद झालीय, म्हणजे बी.ए.च की!' तसं नाही. विशारद ज्यांत येते त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा स्वतंत्र, विद्यापीठाची पदवी स्वतंत्र. एकीचे गुण दुसरीत आपोआप जमा होत नाहीत. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्यावं.

(दृश्य: दार उघडतं.)

आतली बाहेर आली. बाकावरच्या दोघी एकदम, 'काय विचारलं गं?'

'बागेश्री.'

तिलवाडा धरलेला हात मात्रेवरच थांबला. आतून पुढचं नाव पुकारलं गेलं.