हॉलचं दुसरं दार

(ब्रिस्टलजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून घेतलेलं.)

मंडळी, नमस्कार. तिळगूळ सगळ्यांपर्यंत पोचला ना? मागे वाण लुटायचं चाललं आहे ते चालू राहू दे. हातातलं काम थांबवू नका, मी बोलते.

आपण बसलोय तो हॉल आपल्या चांगला ओळखीचा आहे. अकरा वर्षं शनिवारी सकाळी इथे मराठी शाळा भरते. दिवाळीचा फराळ इथे, आजचं हळदीकुंकूही इथेच. गणपती मात्र आपण शाळेच्या हॉलमध्ये बसवतो, कारण हा हॉल मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या चर्चचा आहे, आणि त्यांच्या वास्तूत दुसऱ्या धर्माची पूजाअर्चा त्यांच्या नियमात बसत नाही. हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं आणि आपण मनापासून मानलं. इथे दारू चालत नाही, तेही आपल्याला कधी जड गेलं नाही. आपण बाजूच्या दाराने येतो, पेटीत कोड टाकून किल्ली काढतो, कार्यक्रम झाला की खुर्च्या रचून, झाडून, दिवे बंद करून निघतो. भाडेकरू म्हणून आपलं नाव चांगलं आहे. आज मला पुढच्या दाराबद्दल बोलायचंय. ते आठवड्याच्या मधल्या वारी उघडं असतं आणि तिथून आपल्यातलं जवळजवळ कुणीच आत जात नाही.

मीही जात नव्हते. पाच वर्षांपूर्वी हिवाळ्यात शाळेची उजळणीची पुस्तकं इथे राहिली म्हणून एका शुक्रवारी घ्यायला आले. हॉल माणसांनी भरलेला होता. टेबलांवर डब्यांच्या राशी, जमिनीवर प्लास्टिकचे क्रेट. पांढऱ्या केसांच्या एक बाई माझ्याकडे आल्या, मी मदतीलाच आलेय असं समजून हातात जाड काळा मार्कर दिला आणि म्हणाल्या, “डब्यावरची तारीख बारीक असते, वर साल मोठं लिहा. आधी संपणारा पुढे, मागाहून संपणारा मागे.” मी कोट न काढता लिहायला लागले. राजमा, टोमॅटो, ट्यूना, पुन्हा राजमा. दीड तासाने पुस्तकांची आठवण झाली.

ती फूडबँक होती, म्हणजे अडचणीतल्या लोकांना फुकट शिधा देणारं केंद्र. ट्रसेल संस्थेच्या ज्या जाळ्यातली ती आहे, त्यातली पहिली फूडबँक २००० साली सॉल्झबरीत सुरू झाली, इथून फार लांब नाही. कुणीही उठून आलं आणि पिशवी घेऊन गेलं, असं तिथे नसतं. डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र किंवा समाजसेवक यांच्यापैकी कुणीतरी अडचण पाहून व्हाउचर देतं. त्यावर घरात माणसं किती ते लिहिलेलं असतं आणि त्या हिशेबाने तीन दिवसांचा शिधा बांधला जातो. पिशवी भरायला पाच मिनिटं पुरतात. चहा मात्र निवांत प्यायचा असतो, कारण खरं बोलणं तिथे होतं. वीजबिलाचं काय, घरमालकाची नोटीस कधी आली, पुढे कुणाकडे जायचं, हे सगळं त्या फिकट हिरव्या कपबशीसमोर निघतं.

एकदा एक तरुण आला. मी पिशवीत तांदूळ आणि पास्ता टाकला, तर त्याने हळूच दोन्ही बाहेर काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, “माझ्याकडे फक्त किटली आहे.” खोलीत शेगडी नाही, आणि असली तरी मीटरमध्ये पैसे नाहीत. अशांसाठी वेगळी पिशवी भरतात: पाणी ओतून होणारे नूडल्स, सूप, लापशीची पाकिटं, न शिजवता खाता येणारे डबे. मला हे माहीतच नव्हतं. मागच्या दिवाळीला आपण मोठ्या हौसेने तूरडाळीच्या आणि बासमतीच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या आणून दिल्या होत्या. देणाऱ्यांचं मन मोठंच होतं, पण पाच किलोची पिशवी फोडून वाटता येत नाही, आणि तूरडाळीला कुकर लागतो, नाहीतर तासाचा गॅस लागतो. यंदा टिकाऊ दुधाचे खोके, फळांचे डबे, साबण, डायपर आणू या. फूडबँकेच्या दारावर दर आठवड्याला नवी यादी लागते, ती पाहून आणू या.

चर्चचे हे लोक हे सगळं का करतात, म्हणून मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. उत्तर आपल्याच गावात सापडलं. ब्रिस्टलच्या ब्रॉडमीडमध्ये आपण खरेदीला जातो ना, तिथे दुकानांच्या मधोमध एक अंगण आहे आणि त्यात घोड्यावर बसलेला एक पुतळा आहे. तो जॉन वेस्ली, ज्याच्यापासून मेथडिस्ट पंथ सुरू झाला. मागची इमारत म्हणजे ‘न्यू रूम’, १७३९ साली बांधलेली, मेथडिस्टांची जगातली सर्वांत जुनी वास्तू. वेस्ली चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मोपदेशक, आणि शेवटपर्यंत त्याने ते चर्च सोडलं नाही. पण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो इथे ब्रिस्टलमध्ये पहिल्यांदा उघड्यावर उभा राहून बोलला. किंग्जवुडच्या कोळसा खाणीतली माणसं चर्चमध्ये येत नव्हती, म्हणून वेस्ली आणि त्याचे सोबती त्यांच्याकडे गेले.

त्याहून मला आवडते ती कर्जाची गोष्ट. न्यू रूम बांधताना झालेलं कर्ज काही केल्या फिटेना. १७४२ साली त्यावर विचार करायला सगळे जमले. कॅप्टन फॉय नावाचा एक माणूस म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळ जणांना तेवढंही जमणार नाही. तेव्हा फॉय म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. मी दर आठवड्याला त्यांच्या दारी जाईन, देतील ते घेईन, आणि ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा जण वाटून घेतले. भिशी आपल्याला माहीत आहे. पण भिशीत ज्याचा हप्ता चुकतो त्याची काय अवस्था होते, तेही माहीत आहे! इथे पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या माणसांना कोण आजारी आहे, कोण व्यसनात बुडतंय, कुणाच्या घरी रोज भांडण आहे, हे दिसायला लागलं. पैशासाठी सुरू झालेली फेरी विचारपूस करायची फेरी झाली. मेथडिस्टांचे ‘क्लास’ म्हणतात ते छोटे गट यातून उभे राहिले. शुक्रवारचा तो चहा मला त्याच फेरीचा पुढचा भाग वाटतो.

आणखी एक गोष्ट इथे आल्यावरच कळली. मेथडिस्टांचा मिनिस्टर एकाच चर्चचा नसतो. अनेक चर्चचं मिळून एक सर्किट असतं, मिनिस्टर त्यात फिरता असतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या सर्किटमध्ये जातो. रविवारची उपासना अनेकदा लोकल प्रीचर चालवतात, म्हणजे आपल्यासारखीच नोकरी-संसार करणारी, रीतसर शिकून तयार झालेली माणसं. इमारत, हिशेब, स्वयंपाकघर, बुकिंग, सगळं सभासदांच्याच हातात. आणि आपल्या या चर्चमध्ये ते हात आता पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. आपल्याला शनिवारी गरम हॉल मिळतो, तो कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यांवर मिळतो.

आता एक अवघड विषय, आपल्यातल्या काहींनी मला बाजूला घेऊन विचारलेला. “तिथे गेलं की धर्माचं काही सांगतात का?” पाच वर्षांत मला कुणी काही सांगितलेलं नाही, विचारलेलंही नाही. सुरुवातीला दोन मिनिटं प्रार्थना होते. ज्याला उभं राहायचं तो राहतो, मी तेवढ्यात चहाचं पाणी ठेवते. पण या प्रश्नाचं खरं उत्तर मला आपल्याच मंडळातल्या पुण्याच्या एका ताईंनी दिलं. त्यांचं घराणं तीन पिढ्यांचं मेथडिस्ट. दिवाळीच्या फराळाला करंज्या वाढता वाढता त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे ‘त्यांचं चर्च’ म्हणता, तेव्हा मी कुठे बसायचं गं?” मला काही बोलताच आलं नाही. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट १८७१ साली मुंबईत आला, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. कुलाब्याला रीगल सिनेमाजवळ बोवेन मेमोरियल चर्च आहे, आपल्यातले कितीतरी जण त्याच्यासमोरून रोज गेले असतील. ते ज्यांच्या नावाचं, ते जॉर्ज बोवेन मिशनचा पगार नाकारून मुंबईत अत्यंत साधे राहिले आणि तिथेच १८८८ साली गेले. या ताईंच्या घरी नाताळला मराठी गीतं म्हणतात, आणि पेटी आपल्या पेटीसारखीच वाजते. ‘ते’ आणि ‘आपण’ ही रेघ मी त्या दिवसापासून ओढणं सोडलं. मंडळातही कुणी ओढू नये असं मला फार वाटतं.

एक गोष्ट सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. ज्याची आहे त्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला, “काकू, सांगा.” दोन वर्षांपूर्वी रांगेत एक मुलगा होता. माझ्या तोंडून सवयीने “अगंबाई” निघालं, तसा तो गर्रकन वळून दाराकडे निघाला. आपला, विदर्भातला, मास्टर्स करायला आलेला. अर्धवेळ काम गेलं होतं, घरी सांगायची हिंमत नव्हती, आठवडाभर ब्रेड आणि साखर खाऊन होता. त्याला दोन भीती होत्या. एक, फूडबँकेत गेलं तर व्हिसाला धक्का लागेल. तसं नाही. फूडबँकेची मदत धर्मादाय असते, ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे व्हिसावर मनाई असलेल्या सरकारी मदतीत, ती धरली जात नाही. दुसरी, मंडळात कळेल. त्या दुसऱ्या भीतीने तो आपल्याकडे आला नाही, मंडळी, चर्चच्या दारात गेला. गणपतीला तो आपल्याच पंगतीत जेवून गेला होता, आणि आपल्यापैकी कुणाला काही दिसलं नव्हतं.

आता कामाचं. कुणाला काय जमेल, ते माझ्या डोळ्यांपुढे आहे.

गुरुवारी लंच क्लब असतो, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. वाढायला, भांडी घासायला आणि मुख्य म्हणजे शेजारी बसायला माणसं हवीत. मुलांच्या किंवा लंच क्लबसारख्या कामात काही भूमिकांना डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी, लागते. स्वयंसेवकांना ती फुकट असते, फॉर्म भरायला मी बसेन शेजारी. चौदा वर्षांपुढची मुलं ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड हा तरुणांसाठीचा उपक्रम करतात. त्याच्या पहिल्या पायरीला, ब्राँझला, तीन महिने स्वयंसेवा लागते, ती इथे होऊ शकते. तारखा लिहिण्यात आणि क्रेट लावण्यात मुलं मोठ्यांपेक्षा चटपटीत असतात.

आणि भारतातून आलेले आई-वडील. सहा महिने खिडकीशी बसून त्यांचे दिवस जातात, हे आपल्या प्रत्येकाच्या घरात झालंय. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, आणि नुसतं पाहुणा म्हणून कॉफीला जायला तर काहीच अडचण नाही. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, त्यांना इथल्या मंगळवारच्या विणकामाच्या गटात घेऊन गेले. त्यांना इंग्रजी येत नाही, तिथे मराठी कुणाला कळत नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईंनी टाचेचा टाका चुकवला. सासूबाईंनी काही न बोलता मोजा हातात घेतला, चार ओळी उसवल्या, दोन विणून दाखवल्या आणि परत दिला. पुढच्या मंगळवारी त्या बाईंनी शेजारची खुर्ची सासूबाईंसाठी धरून ठेवली होती. आता सासूबाई फोनवर आधी त्यांची चौकशी करतात, मग माझी.

ज्या बाईंनी मला मार्कर दिला होता, त्या चौऱ्याऐंशीच्या झाल्या. मेथडिस्टांमध्ये बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या सुरुवातीला कराराची उपासना, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा म्हणायची उपासना, होते, यंदा त्यांनी मला बोलावलं म्हणून मी गेले. त्यातल्या प्रार्थनेत देवाला म्हणतात, तुझ्यासाठी मला कामाला लाव, किंवा तुझ्यासाठीच कामावरून बाजूला ठेव. हे म्हणताना त्यांचा आवाज थांबला. बाहेर आल्यावर त्यांनी पर्समधून स्वयंपाकघराच्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. त्यांना आता चहाचा मोठा अर्न उचलवत नाही. किल्लीला लाल लोकर बांधलेली आहे, हातात घेऊन बघा, इथे टेबलावर ठेवली आहे.

तिच्याजवळच एक कागद आहे. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे वार लिहिलेत आणि खाली जागा कोरी आहे. महिन्यातून एकदा जमत असेल तर तसं लिहा, दर आठवड्याचं वचन मला नको. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी इथे असते. पुढच्या दाराला कोड लागत नाही.