मोटारीत कोण कुठे बसलं होतं?

श्रोतेहो, नमस्कार. दहाबारा जणांनी एकच पुस्तक वाचायचं, ठरल्या रात्री आपापल्या घरून मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर एकत्र जमायचं आणि जुन्या काळातल्या एखाद्या खुनावर बोलायचं. हो, खुनावर. आणि तोही कादंबरीतला नव्हे, खराखुरा. आमच्या वाचनकट्ट्यावर हे चालतं, आणि कवितेच्या बैठकीला ज्यांचं हमखास डोकं दुखतं ती मंडळी त्या रात्री नऊच्या ठोक्याला हजर असतात. कवितेबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की कविता एकट्याने वाचावी आणि खून चारचौघांत.

लिंक पाठवणं, माइक बंद ठेवणं हे तुम्हाला नातवंडांनी कधीच शिकवलंय, त्यात वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय. चर्चेत कुणीही काहीही म्हणालं की दोन प्रश्न विचारा. हे कुणी सांगितलं? आणि केव्हा सांगितलं? पुन्हा सांगतो: कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं. बास.

आता आमच्या अण्णांची गोष्ट. त्या महिन्यात आम्ही बावला खून खटला घेतला होता. 12 जानेवारी 1925, मुंबई, मलबार हिल. अब्दुल कादिर बावला नावाचा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी मोटारीतून चालला होता. सोबत बावीस वर्षांची मुमताज बेगम, बावलाचा मॅनेजर आणि ड्रायव्हर. मागून दुसरी मोटार आली, वाट अडवली, माणसं उतरली. मुमताजला ओढून न्यायचा बेत होता. बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. आणि नेमके त्याच वेळी गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून तिथे येऊन पोचले. त्यांनी मुमताजला सोडवलं, हल्लेखोरांपैकी एकाला जागेवरच पकडलं. झटापटीत एका अधिकाऱ्याला गोळी लागली. बावला काही तासांनी मरण पावला.

तर आमची बैठक सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला गाडी भलतीकडे गेली. ठाण्याचे प्रोफेसर जीनांवर घसरले, कारण या खटल्यातले एक आरोपी, इंदूरचे फणसे, यांचं वकीलपत्र जीनांकडे होतं आणि त्यांनी फणशांना फाशीपासून वाचवलं. नागपूरच्या मावशी इंदूरच्या महाराजांच्या, म्हणजे तुकोजीराव होळकरांच्या, अमेरिकन राणीवर गेल्या. (मुमताज त्यांच्याच दरबारातून निघून आलेली.) ते लग्न झालं 1928 मध्ये, म्हणजे खुनानंतर तीन वर्षांनी! पण साड्यांचा आणि दागिन्यांचा विषय निघाल्यावर मावशींना अडवणार कोण?

तेवढ्यात अण्णांनी माइक उघडला. अण्णा सांगलीचे, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "ते सगळं राहू द्या हो. मोटारीत कोण कुठे बसलं होतं ते सांगा."

कुणालाच सांगता येईना.

अण्णांनी लॅपटॉप उचलून शोकेसवर ठेवला. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या ओढल्या, दोन पुढे, दोन मागे. नातवाच्या हातात स्टीलचं ताट दिलं, तो ड्रायव्हर. मुलगा बावला. सूनबाई मुमताज. मॅनेजर कमी पडत होता, तर शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या, त्यांना बसवलं. काकू शेवटपर्यंत हातात वाटी धरून बसल्या होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हल्लेखोर सगळे अण्णाच. आणि गोल्फवाला साहेबही अण्णाच, हातात छत्री घेऊन.

मग जे काय झालं! अण्णा डावीकडून आले, दार उघडल्यासारखं केलं, सूनबाईंचा हात धरला, "ठो" म्हणाले, पलीकडे जाऊन छत्री घेऊन पुन्हा धावत आले. नातू ताट फिरवतोय. आम्ही बाराजण आपापल्या चौकोनांत हसून हसून लोळतोय. मिनिटभराचा खेळ. संपल्यावर अण्णा घाम पुसत कॅमेऱ्यासमोर आले आणि एकेकाला नाव घेऊन विचारायला लागले. "मी आधी हात धरला की आधी गोळी झाडली?" मावशी म्हणाल्या गोळी. प्रोफेसर म्हणाले हात. एकाने सांगितलं, छत्री उजव्या हातात होती. दुसरा म्हणे, छत्री उघडलेली होती! अण्णांनी शेजारच्या काकूंना विचारलं, तुम्ही तर मोटारीतच होता. काकू म्हणाल्या, "अहो, मी डोळेच मिटले होते."

लख्ख दिव्यात, हसतखेळत, ओळखीच्या माणसांत ही तऱ्हा. मलबार हिलवर तर खऱ्या गोळ्या सुटत होत्या. म्हणून म्हणतो, कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं.

यात सूनबाई अजून खुर्चीतच होत्या. त्या म्हणाल्या, "पण अण्णा, ही बाई या मोटारीत आली कशी, ते कुठे आलं?" आणि आमची खरी चर्चा तिथून सुरू झाली. मुमताज दहाएक वर्षं इंदूर दरबारी होती. भेटायला माणसं येत, पण कुणीतरी सतत सोबत असे, म्हणजे पहाराच. तिला मुलगी झाली आणि ती दायांनी मारली, म्हणून मला तिथे राहायचं नव्हतं, असं ती म्हणाली. कुणी सांगितलं? तिने स्वतः. केव्हा? 1925 मध्ये, कोर्टात. ती इंदूर सोडून अमृतसरला गेली, तिथून मुंबईला आली.

महाराजांच्या बाबतीत हेच दोन प्रश्न फार जपून विचारावे लागतात. तिघांना फाशीची शिक्षा सुनावताना न्यायमूर्ती क्रंप म्हणाले की यामागे आणखी माणसं आहेत, ती नेमकी कोण हे आम्हाला सांगता येत नाही, पण नजर इंदूरकडे वळली तर त्यात गैर नाही. एवढंच. महाराजांवर खटला चालला नाही. चौकशी आयोगाला सामोरं जा नाहीतर गादी सोडा, असा पेच सरकारने टाकला, आणि 1926 मध्ये त्यांनी मुलासाठी, यशवंतरावांसाठी, गादी सोडली. आमच्यात इंदूरच्या एक वहिनी आहेत. "हमारे महाराज" म्हणून त्या तावातावाने बोलायला लागल्या की मी मध्ये पडत नाही. फक्त विचारतो, वहिनी, हे कोर्टातलं, पेपरातलं की माहेरचं? माहेरचं असलं तरी चालतं. फक्त तसं सांगून बोलायचं.

बाकी किरकोळ. जखमांची वर्णनं मोठ्याने वाचू नका, लोक जेवून बसलेले असतात. दीड तासाच्या वर ताणू नका. फोटो भराभर पाठवू नका. सकाळी सकाळी सूर्योदयाचे फोटो पाठवणारे रात्री खुनाचेही पाठवतात, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या बैठकीला नारायणराव पेशव्यांचा खून घेतलाय, 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा. शेजारच्या काकूंनी आधीच कळवलंय, या वेळी विरजण दुसऱ्या घरून आणणार. नमस्कार.