नवा फ्लॅट आणि जुनी पेन्शन

अध्यक्ष आत्ता म्हणाले की निवृत्तीनंतर माणसाचे खर्च कमी होतात. काहींचे होतातही. पण कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरातल्या जुन्या तीन मजली सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दाराशी सध्या बिल्डर येऊन बसलाय. म्हणून आज म्युच्युअल फंड वगैरे राहू दे, रिडेव्हलपमेंटबद्दलच, म्हणजे जुनी इमारत पाडून बिल्डरकडून नवी बांधून घेण्याबद्दलच बोलतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कारपेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती वाढवून देणार?" मेंटेनन्स किती येणार, हे कोणी विचारत नाही. आज जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि झाडूवाल्या मावशी, एवढ्यावर समजा महिना दीड हजारात भागतं. उद्या दोन लिफ्ट, जनरेटर, वॉचमनच्या तीन पाळ्या, क्लब हाउस आणि उन्हाळ्यात टँकर. साडेपाच हजार धरा. म्हणजे महिन्याला चार हजार वाढले, वर्षाला 48 हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के व्याज आहे. त्या दराने 48 हजार उभे करायला 5 लाख 85 हजार मुद्दल अडकवावं लागतं. वाढीव खोली फुकट मिळाली म्हणता, तिची किंमत ही! शिवाय व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, मेंटेनन्स मात्र दर एप्रिलला वाढू शकतो.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचं तर विचारूच नका. ईपीएस-95ची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर 2014पासून हजार रुपये आहे, आणि महागाई भत्ता नाही.

"मी पहिल्या मजल्यावर घेईन, लिफ्ट वापरणार नाही," असं एक काका मला म्हणाले. चालत नाही हो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखाच.

मग नको म्हणायचं का? मुळीच नाही. गुडघे बोलायला लागले की लिफ्ट हवीच. पण क्लब हाउस, जिम, पोहण्याचा तलाव यांना सही करण्याआधी नाही म्हणता येतं. आणि कॉर्पसची, म्हणजे बिल्डर पुढच्या खर्चासाठी देतो ती एकरकमी रक्कम वाटून घेऊ नका. घरटी तीन लाख मिळाले आणि सोसायटीच्या नावे 7 टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला प्रत्येकामागे साडेसतराशे सुटतात. "नवे फ्लॅटवाले (बिल्डरकडून जादा फ्लॅट विकत घेणारे) आयते त्यावर जगतील" ही तक्रार रास्त आहे. त्यांच्याकडूनही तेवढाच निधी घेण्याची अट करारात घाला. वाटून घेतलेल्या तीन लाखांचं काय होतं, ते मी सांगायला नको. नातवाची फी आणि नवं फर्निचर.

एक बारीक गोष्ट राहिली. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकराच्या आकारणीत 40 टक्के सवलत मिळते. नव्या फ्लॅटला ती आपोआप लागेल असं धरून चालू नका. त्या सवलतीसाठीचा पीटी-3 अर्ज महापालिकेकडे भरा आणि पोच घ्या.