लढाई कधी संपते?

नमस्कार मंडळी. शेतकरी भावांनो, माय-बहिणींनो, आणि आता रात्रीची लाइन आली म्हणून ओलितावर बसून मोबाइलवर ऐकत असाल तर तुम्हालाही नमस्कार.

आज युद्धाबद्दल बोलायचंय, पण त्यातली एकच गोष्ट. युद्ध सुरू होताना ते किती दिवस चालेल याचा अंदाज इतका का चुकतो, आणि अडाण्याचाच नाही, राजाचा, सेनापतीचा, टीव्हीवरच्या तज्ज्ञांचाही का चुकतो.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाची फौज युक्रेनमध्ये घुसली तेव्हा सगळीकडं एकच चर्चा होती की राजधानी कीव्ह दोन-चार दिवसांत पडणार, पानठेल्यावरही तेच, "आटपते बाप्पा हे आठ दिवसात, एवढ्या मोठ्या देशासमोर कोण टिकते." कीव्हच्या उत्तरेला रस्त्यावर साठेक किलोमीटर लांब गाड्यांची रांग लागली होती, आणि महिन्याभरानं तीच फौज तिथून माघारी वळली, लढाई मात्र थांबली नाही, वर्षांमागून वर्षं गेली. आपल्याकडं किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा पिपा एकदम महागला, कारण ते तेल आपण सगळ्यात जास्त युक्रेनकडूनच घ्यायचो. पाच हजार किलोमीटरवरची लढाई अशी आपल्या फोडणीत आली.

रणगाडे मोजता येतात, विमानं मोजता येतात, म्हणून माणूस तेच मोजतो आणि हिशोब मांडतो. समोरचा किती सहन करेल हे मोजायला काटा नाही. आणि लढाई सुरू करायला एक जण पुरतो, थांबवायला दोघं लागतात, हे तर हिशोबात कोणी धरतच नाही.

जर्मनीनं १९१४ मध्ये कागदावर पक्कं ठरवलं होतं की सहा आठवड्यांत फ्रान्स आटपायचा आणि मग रशियाकडं वळायचं. इंग्लंडात लोक म्हणत होते ख्रिसमसपर्यंत पोरं घरी येतील. सगळे मंत्री तसंच धरून चालले असताना एकटे युद्धमंत्री लॉर्ड किचनेर म्हणाले की तीन वर्षं तरी लागतील आणि लाखो माणसं लागतील, ऐकणारे चक्रावले. युद्ध चाललं चार वर्षांच्या वर, ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, आणि त्यात आपल्या देशातूनही दहा लाखांच्या वर माणसं समुद्रापार गेली. मराठा पलटणीतले जवान इराकातल्या कुत-अल-अमारा गावात जवळपास पाच महिने वेढ्यात अडकले, उपासमार झाली, शेवटी एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करावी लागली. सहा आठवड्यांचा हिशोब मांडणाऱ्याच्या कागदावर कुत हे नाव तरी असेल का?

आता लांबते कशी ते बघा. धुऱ्याची केस कोणत्या गावात नाही? दोन सख्खे भाऊ, मधे हातभर जागा. केस टाकली तेव्हा दोघंही म्हणतात दोन-तीन तारखांत निकाल लागते. मग वकिलाची फी जागेच्या किमतीच्या वर जाते, आणि नेमकं तेव्हाच कोणी समजूत काढायला गेलं तर म्हणतात, "एवढा पैसा गेला, आता कायले मागं सरू?" युद्धात फीच्या जागी गावागावातली पोरं गेलेली असतात. ज्या राज्यकर्त्याच्या सांगण्यावरून ती गेली, तो आता पुढं येऊन आपण थांबू असं म्हणेल कसा? दर महिन्याला त्याला वाटतं अजून एक धक्का दिला की झालं, आणि समोरच्यालाही अगदी तेच वाटत असतं.

आपल्याच इतिहासात बघा ना. औरंगजेब १६८१-८२ मध्ये दख्खनेत उतरला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना मारलं, रायगड घेतला, येसूबाई आणि शाहू कैदेत, कोणताही हिशोबी माणूस म्हणाला असता की संपलं. पण राजाराम महाराज जिंजीला निघून गेले, तो किल्ला घ्यायला मोगलांना आठेक वर्षं लागली आणि किल्ला पडला तोवर महाराज तिथून निसटलेले होते. १७०० मध्ये तेही गेले तर ताराबाई उभ्या राहिल्या. डोक्यावरचा माणूस गेला की लढाई संपते हे दिल्लीच्या दरबाराचं गणित होतं, इथं तर गावोगावचे सरदार आपापल्या जागी लढतच होते. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला, दिल्लीला परत गेलाच नाही. पंचवीस वर्षं! मला तर हे उदाहरण जगातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा मोठं वाटतं.

उलटा अंदाजही चुकतो, आणि त्याचा फटका तर आपल्या कापसाला बसलाय. अमेरिकेत १८६१ मध्ये उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात भिडली, यादवी सुरू झाली तेव्हा लिंकननं आधी ७५ हजार माणसं मागितली ती फक्त तीन महिन्यांसाठी. चालली चार वर्षं. कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं उत्तरेनं अडवल्यामुळं इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, वऱ्हाडात खरेदीदारांची रीघ लागली, मुंबईत शेअरचा नुसता धिंगाणा. आता सगळे धरून चालले की ही लढाई अजून चालेल. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळला, आणि १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मुंबईतले मोठमोठे व्यापारी बुडाले.

लवकर संपणारी युद्धंही असतात. १९७१ चं १३ दिवसांत आटपलं, पण त्याआधी महिनोन्‌महिने तयारी होती, पूर्व बंगालची जनता आपल्या बाजूनं होती, पाकिस्तानच्या तिथल्या फौजेला पळायला वाट नव्हती, आणि आपल्याला काय साधायचंय ते ठरलेलं होतं. मे २०२५ चं चार दिवसांत थांबलं, कारण दोन्हीकडचे लष्करी अधिकारी फोनवर बोलले आणि थांबायचं ठरलं. आपण फक्त दिवसांचा आकडा लक्षात ठेवतो. म्हणूनच १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली तेव्हा तिथल्या तमिळ बंडखोरांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत यायचं एवढंच काम वाटत होतं. ऑक्टोबरपासून त्यांच्यातल्या तमिळ वाघांशीच, म्हणजे एलटीटीई या संघटनेशीच लढाई जुंपली. शेवटची तुकडी परतली मार्च १९९० मध्ये, अकराशेच्या वर जवान गमावून.

ज्यांच्या घरचा पोरगा सीमेवर आहे त्या घरी सीमेवर काही घडलं की शेजारीपाजारी जातात आणि धीर द्यायला म्हणतात, "आठ दिवसात संपते पाय सारं." कृपा करून हे म्हणू नका. ती माय मग दिवस मोजत बसते, नववा दिवस उजाडतो आणि तिचा जीव खालीवर होतो. तूर सोंगायची राहिली असेल तर सोंगून द्या, बापाला बँकेत न्यायचं असेल तर न्या.

येतो मंडळी. नमस्कार.